औट म्हणजे साडेतीन

१९६७ साल. कोयनेच्या भूकंपाचं साल म्हटलं की आमच्या भागात वेगळं काही सांगावं लागत नाही. पण हे सुरू झालं ते भूकंपाच्या चार महिने आधी, ऑगस्टात, आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या खोलीत.

"उभ्या का? बसा," प्राचार्य मला म्हणाले.

खुर्च्या दोनच होत्या आणि दोन्हींवर मुलगे बसले होते. त्यातला एक पटकन उठला. तो हमीद मणेर, पेठेतल्या बांगडीवाल्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. बांगड्यांच्या पेट्यांत भरून येणारी रद्दी तो सरळ करकरून वाचायचा. त्यामुळे जगातलं सगळं त्याला सहा महिने उशिरा का होईना, माहीत असायचं. दुसरा उठला नाही. तो श्रीरंग इनामदार, शेवटच्या वर्षाचा, वक्तृत्वात दरवर्षी पहिला. शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता बसायचा.

"पुण्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेत यंदा आपला संघ पाठवायचाय," प्राचार्य म्हणाले. "कॉलेज निघून पाच वर्षं झाली, एक कप नाही आपल्याकडे. इनामदार कप्तान, मणेर एक आणि तिसऱ्या तुम्ही. केळुसकर सरांनी तुमचं नाव दिलंय."

"मुलगी?" इनामदार म्हणाला. मला नाही, प्राचार्यांना.

"चाचणीत तुमच्यापेक्षा सात मार्क जास्त आहेत त्यांना," दारात उभे असलेले केळुसकर सर पुटपुटले. सर इतिहास शिकवायचे आणि कायम पुटपुटायचे.

"परगावी जावं लागेल. घरचे सोडतील?" प्राचार्यांनी विचारलं.

माझ्या आधी हमीदच म्हणाला, "सोडतील सर. आमच्या दुकानातलं कपाट ह्यांच्या आप्पांनीच केलंय. मी सांगतो त्यांना."

आमचं घर म्हणजे पुढं कामठा, म्हणजे सुतारकामाची जागा, आणि मागं दोन खोल्या. वडील, म्हणजे आप्पा, सुतारकाम करायचे आणि आडनावही सुतारच. हमीदनं सांगितलं तेव्हा आप्पा रंधा मारत होते आणि थोरले चुलते तात्या बाजेवर बसून पान जमवत होते.

"कप म्हंजे चहाचा?" आप्पांनी विचारलं.

"नाही आप्पा, चांदीसारखा असतोय. एवढा उंच."

"आन् त्यो सुलीनं आणायचा?"

तात्या हसले. "कप आणायला निघाली! अरं, इस्लामपूरच्या पाव्हण्यांचं पत्र येऊन पंधरा दिवस झालं. वैशाखात पोरीचं हात पिवळं करू म्हणतोय मी, आन् तू तिला कपाला धाडतोस?"

तात्या घरातले वडीलधारे. आजोबांच्या मागं आप्पांना त्यांनीच वाढवलेलं. आप्पांनी आयुष्यात त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. त्या दिवशी मात्र रंधा थांबवून म्हणाले, "असं करू, तात्या. पोरीनं कप आणला, तर तिचं बी.ए. पुरं हुईस्तवर लग्नाचं नाव काढायचं न्हाई. न्हाई आणला, तर तुम्ही म्हणशीला त्या तिथीला. ह्यो माझा शब्द."

"ठरलं," तात्या म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

आप्पांना वाटलं होतं, आपण मला वाचवलं. मलाही तसंच वाटलं.

पहिली फेरी साताऱ्यात, दुसरी सांगलीत. दोन्ही जिंकलो. पहिल्या फेरीत इनामदार माझ्याशी बोललाच नाही. उत्तर मी हमीदला सांगायचं, हमीदनं त्याला आणि मग तो उभा राहून भारदस्त आवाजात ते साऱ्या सभागृहाला सांगणार. दुसऱ्या फेरीपासून तो थेट माझ्याकडं वळायला लागला. "सुतारबाई, बोला," असं म्हणायचा. मी त्याला "इनामदार" म्हणायची आणि अहोजाहो करायची. तेव्हा कॉलेजातल्या मुलांशी तसंच बोलायची रीत होती.

तिसरी फेरी कोल्हापूरला, नोव्हेंबरात. तिथं शेवटी एक गणित आलं. साडेतीन फुटांच्या सतरा फळ्या एकापुढं एक मांडल्या तर एकूण लांबी किती? समोरच्या संघानं कागद ओढला. मी बसल्या जागी म्हणाले, "साडेएकोणसाठ फूट."

परतीच्या एसटीत इनामदार मागच्या सीटवरून पुढं वाकला. "सुतारबाई, हे कसं केलंत? तोंडी?"

"औटकी येते मला."

"काय येते?"

"औटकी. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी असते ना, तशी साडेतीनची औटकी. एक औट औट, बे औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा. आप्पा फळी कापताना म्हणतात. लहानपणापासून कानावर आहे."

"औट!" हमीद ओरडला. "म्हणजे साडेतीन वाजता क्रिकेट खेळायला गेलं की माणूस औट!"

एसटीतली माणसं हसली. इनामदार हसला नाही. त्यानं संघाची वही काढली. त्या वहीत आम्ही नवी माहिती लिहून ठेवायचो. "सांगा, मी लिहून घेतो," म्हणाला. कऱ्हाड येईपर्यंत त्यानं सबंध औटकी लिहून काढली, ठळक, गोल अक्षरात. वर मथळा घातला, 'औट म्हणजे साडेतीन', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. स्टँडवर उतरताना त्याला दहापर्यंत पाठही झाली होती.

मला तो त्या दिवशी आवडला. उगाच लपवत नाही.

अकरा डिसेंबरला पहाटे भूकंप झाला. गावातल्या भिंती तडकल्या, आणि दारं कुणाची उघडेनात, कुणाची लागेनात. चौकटी तिरक्या झालेल्या. आप्पांकडं माणसांची रीघ लागली. महिनाभर आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहत होतो. अशात प्राचार्य स्वतः आमच्या दारी आले.

"सुतारमिस्त्री, अंतिम फेरी जानेवारीत आहे. कप आल्यावर ठेवायला काचेचं कपाट हवंय. आधीच करून ठेवा."

"कप यायच्या आधी कपाट?" आई आतून म्हणाली.

"येतोयच की," आप्पा म्हणाले. गावाच्या चौकटी एका बाजूला ठेवून त्यांनी सागवान काढलं.

कपाट जवळजवळ झालं होतं त्या दुपारी इनामदार आणि हमीद ते बघायला आले. आप्पा हातानं उंची मोजत होते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात.

"किती ठेवलीय उंची, मिस्त्री?" इनामदारनं विचारलं.

"औट हात."

"साडेतीनच का?"

"माणसाएवढं असावं कपाट. माणूस आपापल्या हातानं औट हात भरतो. कुणीबी असू दे, राजा न्हाईतर भिकारी." इनामदारचा चेहरा बघून आप्पा हसले. "इस्वास न्हाई? या, उभं ऱ्हावा."

आप्पांनी त्याला कपाटाला टेकून उभं केलं आणि टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरली. मग तीच सुतळी त्याच्या हातावर मोजायला लावली. एक, दोन, तीन आणि वर अर्धा.

"औट!" इनामदार लहान पोरासारखा ओरडला. "मिस्त्री, औट!"

"तसूभर इकडंतिकडं हुतंय," आप्पा म्हणाले. "पर माणूस औटच."

हे सगळं एवढ्या बारकाव्यानं सांगते आहे, कारण पुढं जे झालं ते ठाऊक नसल्यामुळं झालं, असं कुणाला वाटू नये.

अंतिम फेरी पुण्यात, एका मोठ्या कॉलेजच्या सभागृहात, सकाळी दहाला. उंच छत, वर पंख्यांची रांग, गॅलरीतसुद्धा मुलं. इनामदारनं मामाचा कोट घातला होता. मी आईचं इरकल नेसले होते. समोरचा संघ त्याच कॉलेजचा, तिघंही एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते. पहिल्या रांगेत प्राध्यापक मंडळी बसली होती. त्यांच्यातल्या एकांकडं बोट करून इनामदार हळूच म्हणाला, "ते मराठीचे विभागप्रमुख. जूनमध्ये एम.ए.ला मी त्यांच्याकडंच येणार."

प्रश्न विचारायला प्रा. मायदेव म्हणून होते. क्रिकेटचे वेडे. शेवटच्या फेरीचे नियम त्यांनी स्वतः बसवले होते आणि ते आधीच समजावून सांगितले.

"ही आपली बॅटिंगची फेरी! प्रश्न ऐकल्यावर संघानं आधी 'इन' म्हणायचं, मग उत्तर. बरोबर आलं तर दहा गुण, चुकलं तर दहा वजा. खेळायचं नसेल तर म्हणा 'आउट'. काही मिळणार नाही, काही जाणार नाही, पण तोच प्रश्न समोरच्या संघाकडं जाईल. आणि तोंडातून निघालेला पहिला शब्द तोच अंतिम. शंका आली तर मी फक्त कप्तानाला विचारीन. कळलं?"

आम्ही माना डोलावल्या. केळुसकर सर मागं बसून रुमालानं मान पुसत होते.

शेवटचा प्रश्न आमच्या वाट्याला आला तेव्हा आमचे सेहेचाळीस गुण होते आणि त्यांचे चाळीस. मायदेव सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"आपल्याकडच्या जुन्या समजुतीप्रमाणे माणसाचा देह त्याच्या स्वतःच्या हातानं किती हात भरतो?"

मला कामठा दिसला. सुतळी दिसली. कोपरावर मोजणारा इनामदार दिसला. 'इन' म्हणायचं राहून गेलं. कुणाकडं वळायचं, कुणाला सांगायचं, काही उरलं नाही. मी उभी राहिले आणि माझ्या आप्पांच्या तोंडचा शब्द माझ्या तोंडातून मोठ्यानं बाहेर पडला.

"औट!"

"आउट," मायदेव सर म्हणाले. "सांभाळून खेळलात. प्रश्न पुढच्या संघाकडं."

"नाही नाही सर, उत्तर! औट हेच उत्तर आहे!"

"आउट हे उत्तर?" त्यांनी चष्मा काढला. सभागृहात हशा झाला.

हमीद उठला. "सर, औट म्हणजे साडेतीन! आमच्याकडं साडेतीनला औट म्हणतात!"

आता गॅलरीही हसायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "हाऊज दॅट!" आणि कुणीतरी पंचासारखं बोट वर केलं. मायदेव सरही हसत होते. माणूस वाईट नव्हता. हात वर करून त्यांनी लोकांना गप्प केलं.

"थांबा, थांबा. नियम म्हणजे नियम. कप्तान, तुम्ही सांगा. तुमच्याकडं असा शब्द आहे? असेल तर मी उत्तर धरतो."

ह्याहून सरळ काय विचारायचं असतं?

इनामदार उभा राहिला. कोटाचं बटण लावलं. एकदा गॅलरीकडं बघितलं, एकदा पहिल्या रांगेकडं. विभागप्रमुख तोंडावर हात धरून हसत होते. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.

"असा शब्द मी कधी ऐकलेला नाही, सर," तो म्हणाला. त्याच भारदस्त आवाजात.

"मग आउट," मायदेव सर म्हणाले आणि प्रश्न पलीकडं दिला.

पलीकडच्या मुलानं क्षणभर आमच्याकडं बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "इन. साडेतीन."

"बरोबर!"

आमचंच उत्तर. हमीदनं ओरडून सांगितलेलं. त्याच्यावर त्यांना दहा गुण मिळाले. पन्नास विरुद्ध सेहेचाळीस. टाळ्या वाजत होत्या आणि मी अजून उभीच होते. केळुसकर सर मागून पुटपुटले, "बसा, सुतार. बसा आता."

"सर, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"जाऊ द्या हो. परक्या ठिकाणी कशाला..."

बाहेर पोर्चमध्ये मी इनामदारला गाठलं. तो कोटाची घडी घालत होता.

"का?" मी विचारलं.

"तुम्ही आधी 'इन' म्हणायला पाहिजे होतं, सुतारबाई. चूक तुमची आहे."

"ती माझी. तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या मुलाला अरेतुरे केलं. त्याच्याही ते लक्षात आलं.

"आवाज खाली ठेवा. लोक बघताहेत."

"बघू देत. वहीत कुणाचं अक्षर आहे? माझ्या बापानं सुतळी धरली ती कुणाच्या डोक्यावर?"

"अहो, ते गावात ठीक आहे!" तो एकदम चिडून म्हणाला. "इथं सगळे दात काढत होते, दिसलं नाही तुम्हाला? जूनपासून ह्या माणसांसमोर बसायचंय मला. 'औटवाला आला' म्हणतील. भर सभेत सुतारी बोलायची आणि वर हो, आमच्याकडं असंच बोलतात म्हणून सांगायचं? एक कप गेला. काय बिघडलं एवढं?"

हमीद त्याच्या अंगावर धावला. "काय बिघडलं? तुला माहीत आहे काय, तिच्या घरी..."

"हमीद, नको," मी म्हणाले.

इनामदारला सांगून दया विकत घ्यायची नव्हती मला. त्यानं कोटाची घडी काखेत धरली आणि म्हणाला, "चला, एसटी चुकेल." जसं काही झालंच नव्हतं. मी हमीदच्या हातून संघाची वही घेतली, औटकीचं पान फाडलं आणि पोलक्यात खोचलं. वही इनामदारच्या पायाशी टाकली. त्यानं वाकून ती उचलली, धूळ झटकली. एसटीत तो ड्रायव्हरच्या मागं बसला आणि कऱ्हाडपर्यंत झोपला. खरंच झोपला. घोरत होता.

संध्याकाळी घरी पोचले. कपाट कामठ्यात तयार उभं होतं. काचा बसवलेल्या, त्यावर आईनं धुळीसाठी जुनं लुगडं टाकलेलं. तात्या बाजेवर होते.

"कुठाय कप?" आप्पांनी विचारलं.

"हरलो."

आप्पा पटाशी खाली ठेवून बसले. मग म्हणाले, "काय इचारलं हुतं?"

"माणसाचा देह किती हात."

"औट," आप्पा लगेच म्हणाले.

"तेच सांगितलं मी."

"बराबर हाय की मग."

"बरोबर होतं, आप्पा."

"मग हरला कशा?"

मी सगळं सांगितलं. बॅटिंगची फेरी, इन, आउट, हशा. इनामदार काय बोलला तेही. आप्पांना क्रिकेट माहीत नव्हतं. त्यांना एवढंच कळलं, की ज्या मुलाला आपण सुतळीनं मोजला, तो म्हणाला असा शब्दच नाही. ते पुनःपुन्हा विचारत राहिले, "पर त्यानं स्वतः मोजलं की. स्वतःच्या हातानं मोजलं की."

तात्या उठले. धोतराचा सोगा सारखा करत म्हणाले, "मी पत्र टाकतो इस्लामपूरला."

"आप्पा," मी म्हणाले, "उत्तर बरोबर होतं. तुम्हीच म्हणालात आत्ता."

"व्हय."

"मग?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मी कप म्हणालो हुतो, सुले. उत्तर न्हवं. तात्यास्नी शब्द दिलाय."

"मीपण शब्दच दिला होता! बरोबर दिला होता!"

आप्पांनी पटाशी पुन्हा हातात घेतली. तात्या पायरीवर थांबून म्हणाले, "बघ. कालिजात गेली न्हवती तवर असं बोलत न्हवती."

इनामदारवर माझा जो राग आहे, तो सगळ्यांना कळतो. आप्पांवरचा राग मी कुणाला कधी सांगितला नाही. ज्या माणसाकडून मी तो शब्द शिकले, त्याच माणसानं आपला शब्द राखायला मला देऊन टाकलं. वैशाखात माझं लग्न झालं. दुसऱ्या वर्षाचे शेवटचे दोन पेपर राहिले ते राहिलेच.

पुढचं सांगण्यासारखं एकदम २०११ साली घडलं. हमीदचा फोन आला. "सुलोचनाबाई, इनामदारचा सत्कार आहे साताऱ्यात. मोठा माणूस झालाय. विसरलेल्या गावाकडच्या शब्दांचा कोश केलाय म्हणे त्यानं. येणार?"

"मी कशाला येऊ?"

"बघायला. कोशात औट आहे का ते."

गेलो दोघं. तिसऱ्या रांगेत बसलो. इनामदार पांढरा झाला होता, खादीचा झब्बा, गळ्यात हार. आवाज तसाच. आपली बोली कशी मरते आहे ह्यावर तो फार छान बोलला. लोक डोळे पुसत होते. शेवटी म्हणाला, "हे वेड मला कधी लागलं सांगतो. कॉलेजात असताना पुण्यात एका स्पर्धेत प्रश्न आला, माणूस किती हात? आमच्या संघातल्या एका मुलीनं बिचारीनं गावातला शब्द वापरला, 'औट'. सारं सभागृह तिला हसलं. ती रडायला लागली. तेव्हा मी कप्तान म्हणून उठलो आणि ठणकावून सांगितलं, 'सर, औट म्हणजे साडेतीन! हा आमचा शब्द आहे!' त्यांनी मानलं नाही. आम्ही हरलो. पण त्या दिवशी मी ठरवलं..."

पुढचं टाळ्यांत बुडालं.

हमीद माझ्याकडं बघत होता. "तुम्ही रडला होता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"माझ्याही लक्षात नाही."

कोशावर सही घ्यायला रांग लागली. मी रांगेत उभी राहिले. विकत घेतलेला कोश त्याच्यापुढं ठेवला. मान वर न करता त्यानं विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू, बाई?"

"सुलोचना सुतार."

पेन थांबलं. मी पर्समधून घडी काढली आणि कोशाच्या पानावर उलगडून ठेवली. चव्वेचाळीस वर्षांचं पान, घड्यांवर विरलेलं. ठळक, गोल अक्षर. औट म्हणजे साडेतीन. खाली दोन रेघा.

"अक्षर ओळखतोस ना?" मी म्हणाले.

मागची माणसं वाकून बघायला लागली. त्यानं पानावर हात ठेवला, झाकल्यासारखा. "सुलोचनाबाई," तो हळू आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं झाली. गोष्ट सांगताना थोडं इकडंतिकडं होतं हो."

"तसूभर होतं," मी म्हणाले. "माझे आप्पा सांगायचे. तसूभर. तू सबंध माणूस बदललास. माझ्या जागी रडणारी ठेवलीस आणि तुझ्या जागी हमीदला. ते वाक्य हमीदचं आहे. तो उभा आहे मागं, त्याला विचार."

"आपण नंतर बोलू. इथं लोक..."

"बघताहेत," मी म्हणाले. "तुला लोक बघताहेत एवढंच दिसतं नेहमी. हात काढ."

त्यानं हात काढला. मी माझं पान घेतलं. कोश तिथंच ठेवला. बाहेर आल्यावर हमीद म्हणाला, "पैसे देऊन घेतला होता की तो!" आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं रस्त्यात उभं राहून हसलो. राग मात्र जराही गेला नाही. अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

इनामदार २०१९ साली वारला. वर्तमानपत्रात आलेल्या लेखात ती स्पर्धेची गोष्ट होती, त्याच्याच पद्धतीनं सांगितलेली. प्रा. मायदेवांचं पुढं काय झालं, कळलं नाही. केळुसकर सर प्राचार्य झाले आणि पुटपुटतच निवृत्त झाले. तात्या माझ्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेले. इस्लामपूरचं घर चांगलं निघालं, नवरा भला माणूस होता. त्याच्याच आग्रहावरून मी छत्तिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए. पूर्ण केलं आणि बावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. निकालाचं पत्रक आप्पांना दाखवायला नेलं, तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी कागदावरून बोटं फिरवली आणि विचारलं, "ह्यात कप कुठाय?" चेष्टा केली की खरंच विचारलं, मला आजही ठरवता येत नाही. पुढच्या वर्षी ते गेले. हमीदचं दुकान आता त्याचा नातू चालवतो. हमीद रोज सकाळी दुकानात बसून जुनी वर्तमानपत्रं वाचतो आणि मला फोन करून सहा महिन्यांपूर्वीच्या बातम्या सांगतो.

कपाट कॉलेजनं घेतलं होतं. पण कॉलेजला कप कधी मिळाला नाही. त्यात जुन्या हजेरीपुस्तकांचे गठ्ठे भरले. १९९९ साली नवी इमारत झाली तेव्हा जुनं सामान भंगारात काढलं. हमीदनं ते टेम्पोत घालून इस्लामपूरला माझ्याकडं पोचवलं. एक काच फुटली होती, ती मी बसवून घेतली.

आता ते पुढच्या खोलीत उभं आहे. सुना म्हणतात, काचेची भांडी तरी ठेवू या. मी काही ठेवू देत नाही. मधूनमधून मोजते. माझा हात आखूड, माझ्या हातानं पावणेचार भरतं. आप्पांच्या हातानं औट.